तक्त्यात नसलेल्या गल्लीतून जनगणना आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : २०२७ च्या जनगणनेत भटक्या-विमुक्तांची नावानिशी व स्वतंत्र नोंद होण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान शहरात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे; जातीने कैकाडी, म्हणजे भटक्या-विमुक्तांतला. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे आमच्याकडे घडले ते शेजारच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी असेच घडले असते.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या चार बायकांना बरोबर घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. गल्लीला गटार नाही, ४१ घरांत मिळून दोन नळ आहेत, आणि वस्ती सुधारणेच्या निधीतून काही सोय व्हावी एवढाच आमचा अर्ज होता. तिथल्या लिपिकाने अर्ज शांतपणे वाचला, संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि शहराच्या लोकसंख्येचा तक्ता दाखवला. अनुसूचित जाती इतक्या, अनुसूचित जमाती इतक्या आणि एकूण इतके. 'यात तुमची लोकसंख्या कुठे आहे ते दाखवा, म्हणजे प्रस्ताव पुढे पाठवतो,' असे ते म्हणाले. बरोबरच्या एका बाईने मला विचारले, 'गुरुजी, मग आपण कशात?' ३४ वर्षे मुलांना अंकगणित शिकवलेल्या मला त्या बाईला उत्तर देता आले नाही. अर्ज परत घेऊन आम्ही उन्हातून चालत घरी आलो.

आपल्या खात्याला आमच्या शहराची ओळख तीन रकान्यांत पटते. गावातल्या माणसाला ती तशी पटत नाही. पेठेत लिंगायत वाण्यांची दुकाने आहेत, त्यांच्या मागे कोष्ट्यांची घरे, मंडईला लागून बागवान आणि तांबोळी, ओढ्याकडे माळ्यांचे मळे, वेशीबाहेर धनगरांचे वाडे आणि महादेव कोळ्यांची चार घरे. बौद्धवाडा आणि मातंग वस्ती शेजारी शेजारी आहेत. खाणीच्या वाटेवर वडार राहतात, नदीच्या अंगाला आम्ही कैकाडी, आणि बाजार समितीच्या भिंतीलगत दर हिवाळ्यात पारध्यांची व डवरी गोसाव्यांची पाले पडतात. कोणत्या घरात कोणती बोली बोलतात, कोणाचा देव कोणता आणि कोणाच्या लग्नात कोण जेवते, हे इथले शेंबडे पोरही सांगते. सरकारच्या कागदावर मात्र या सगळ्यांतून दोन गट उचलले जातात आणि उरलेला सगळा गाव एकत्र ओतला जातो. त्यात पाचशे एकरांचा बागायतदारही असतो आणि पालातली बाईही.

यात माझाही हात आहे, हे मला इथे कबूल केले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत शाळा सांभाळून, खांद्याला पिशवी अडकवून मी घरोघर फिरलो, आणि माझ्या वाट्याला आलेल्या भागात माझी स्वतःची गल्लीही होती. आई अंगणात निरगुडीच्या फोका पाण्यात भिजवून कणगी विणत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसून तिचे नाव, वय, विधवा असे सगळे लिहिले. पुढचा प्रश्न अनुसूचित जातीचा की जमातीचा, असा होता. आपण दिलेल्या सूचनेप्रमाणे मी 'दोन्ही नाही' असा आकडा टाकला. तिने विचारले, 'काय लिहिलंस रं?' मी म्हणालो, 'काही नाही.' आई २०१९ मध्ये गेली. आपल्या दप्तरात तिची नोंद आहे, पण ती कोण होती हे त्यात नाही, आणि ती नोंद तिच्या मुलाच्या हातची आहे.

२८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी होती. आम्ही दोघे शिक्षक बॅटरी घेऊन बाजार समितीच्या भिंतीशी गेलो. एका पालातली बाई तान्हे मूल छातीशी धरून बाहेर आली आणि तिने नाव सांगण्याआधी विचारले, 'नाव लिहून नेल्यावर पोलीस येत्यात का?' तिला समजावण्यात आमचा अर्धा तास गेला. तोवर भिंतीच्या टोकाची दोन पाले अंधारात उठून निघून गेली होती. त्या माणसांची मोजणी कुठे झाली असेल? मला वाटते, कुठेच नाही.

ती भीती उगाच आलेली नाही, महोदय. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड वाढले. तिथे रोज हजेरी होती, नावे वहीत होती, हाताचे ठसे होते, परगावी जायला परवाना लागत होता. म्हणजे आम्हाला कोंडायचे होते तेव्हा सरकारला आमचे एकेक माणूस मोजता येत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून उठला, आम्ही 'विमुक्त' ठरलो, आणि त्याबरोबर आमची मोजदादही उठली. आता पाण्याचा नळ द्यायची वेळ आली, तर सरकार म्हणते, आकडा नाही.

आकडा काढा, असे कोणी सांगितले नाही असेही नाही. केंद्राने भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये सांगितले, इदाते आयोगाने २०१८ मध्ये पुन्हा सांगितले. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्राच्याच मातीतले, दोघांनीही पाले आणि तांडे पायांखाली घातले होते. रेणके आयोगाला देशातल्या भटक्या-विमुक्तांची संख्या दहा ते बारा कोटींच्या घरात असावी असा अंदाजच द्यावा लागला, कारण मोजलेले काही हाताशी नव्हते. सर्व जातींची गणना होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ साली. २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली, आम्ही दारात उभे राहून उत्तरे दिली, आणि जातींचे आकडे बाहेर आलेच नाहीत. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारने सांगितले की जातींची ४६ लाख नावे नोंदली गेली, आणि महाराष्ट्रात ४९४ जातींच्या जागी ४,२८,६७७ नावे आली, म्हणून ती माहिती वापरण्याजोगी नाही. हा दोष उत्तर देणाऱ्यांचा आहे का? प्रगणकाच्या हाती नावांची यादीच दिली नाही, तर तो कानाला लागेल तसे लिहिणार. आमच्यातच कोणी कैकाडी सांगतो, कोणी कोरवा, कोणी माकडवाले, कोणी पामलोर. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ही सगळी नावे एकाच क्रमांकाखाली छापलेली आहेत. ती यादी कपाटातून काढून प्रगणकाला द्यायला किती खर्च आला असता?

आणि याद्यांचे तरी काय सांगावे! अकोला, अमरावती, बुलढाणा, नागपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतला कैकाडी अनुसूचित जातीत आहे आणि सोलापूरचा कैकाडी विमुक्त जातीत. माझ्या चुलत बहिणीला अमरावतीकडे दिले आहे. तिच्या सासरची माणसे आपल्या तक्त्यात आहेत, माहेरची नाहीत. विदर्भ १९५६ मध्ये आमच्याकडे जोडला गेला, राज्य एक झाले, याद्या मात्र जुन्या प्रांतांच्याच राहिल्या. लमाणी बांधवांचीही तीच गत. इथून दोन तासांवर कर्नाटकात ते अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, इथे विमुक्त. माणूस तोच, गोत्र तेच, पण नदी ओलांडली की सरकारच्या लेखी तो दुसराच कोणी होतो. भाषेचेही तसेच आहे. घरात आम्ही कैकाडी बोलतो, मी मातृभाषेच्या रकान्यात ती अभिमानाने लिहिली, आणि भाषांच्या मुख्य तक्त्यात ती तमिळच्या बेरजेत गेली. कुळ तमिळशी जुळते हे मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीत तमिळ समजणारा एकही माणूस नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जातगणनेचा निर्णय घेतला तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी मला घरी येऊन पेढे दिले. त्यांना वाटले, आता तरी आपण कशात ते कळेल. मला ती आशा मोडायची नाही, म्हणून हे लिहीत आहे. प्रगणकाला प्रत्येक राज्याची यादी पोटजातींसह आणि बोलीतल्या नावांसह द्या. भटक्या-विमुक्तांना स्वतःचा संकेतांक द्या. त्यांना पुन्हा एकदा 'इतर' मध्ये ढकलू नका. पालांची मोजणी एका रात्रीवर ठेवू नका, आणि त्यासाठी जो माणूस जाईल तो त्या वस्तीच्या ओळखीचा असू द्या, म्हणजे बाया अंधारात मुले घेऊन पळणार नाहीत. आकडे आले की ते दिल्लीत ठेवू नका. शहरनिहाय आणि प्रभागनिहाय छापा, कारण आमचा अर्ज अडला तो तालुक्याच्या टेबलावर.

कार्यालयातून परतल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या दोनशे पानी वहीत गल्लीची मोजणी केली. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस, वय, शिक्षण, धंदा, बोली आणि जातीचा दाखला आहे की नाही, सगळे विचारून लिहिले. विमुक्त जातीच्या दाखल्याला लागणारा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा नाही म्हणून ज्यांचे दाखले अडले, त्यांच्या नावापुढे लाल शाईने खूण केली आहे. पहिल्या पानावर आईचे नाव लिहिले, पुढे जात लिहिली आणि मृत्यूची तारीख घातली. वहीची छायाप्रत या पत्राच्या मूळ प्रतीसोबत टपालाने आपल्याकडे पाठवली आहे. कृपया तिची पोच द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व माजी प्रगणक