मुक्ता, यंदा भिंती राहू देत

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

बर्फ लवकर आला तरी घराचं काम थांबवणार नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस. अर्धं छप्पर झालंय, उरलेल्या भागावर ताडपत्री ओढायची, आत गॅसचा हीटर लावायचा, सोलर पॅनलच्या खांबांचे पाये ओतायचे, पेंढ्याचे गठ्ठे भिंतीत रचून चुन्याचा पहिला हात मारायचा आणि राहायचंही तिथेच. तेव्हा मी नुसतं हं हं केलं. तुझी आई म्हणते, लिही, म्हणजे आवाज चढणार नाही.

आधी काँक्रीट. ते कोवळं असताना गोठलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि सिमेंटची पकड आतून तुटते. साधारण ३.५ मेगापास्कल ताकद येण्याआधी गोठलं तर शेवटची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि वरून पाहून ते कळत नाही. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर गरम पाणी, वर जाड ब्लँकेटं, दिवसरात्र तापमानाची नोंद, हे सगळं लागतं. गोठलेल्या मातीवर तर ओतूच नकोस. ती वितळली की पाया बसतो. लवकर सेट व्हावं म्हणून कोणी कॅल्शियम क्लोराइड सुचवेल. सळई असलेल्या कामात ते नको, सळई गंजते. पॅनल या हिवाळ्यापुरते लाकडी स्टँडवर ठेव, पायाशी दगडांनी भरलेल्या पेट्या. वाऱ्याचा हिशेब करून वजन धर.

आणि बंद ताडपत्रीखाली हीटर नको, मुक्ता. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. दिवसभर थंडीत राबलेल्या माणसाला तो थकवाच वाटतो, आणि तो बाहेर पडायच्या ऐवजी पांघरूण ओढून घेतो. नानांचं मी काही लिहिणार नव्हतो. लिहीत नाही.

शिवाय तो हीटर भिंतींनाही वाईट. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. ती वाफ थंड पेंढ्यात जाऊन बसणार. गठ्ठ्यांतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहायला हवा, त्याहून वाढला की बुरशी धरते. ओलावामापकाची लांब सळई गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत खुपसून बघ. वरचा थर कोरडा दिसला तरी आत ओल असू शकते. त्यातून चुना हा सिमेंटसारखा नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आठवडे-महिने पक्का होत राहतो, त्याला थोडी ओल आणि ५ अंशांच्या वरचं हवामान लागतं. मधेच गोठला तर वसंतात पापुद्रे हातात येतील आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागेल. तेव्हा गठ्ठे जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेव, वरून झाक, बाजूंनी वारा खेळू दे. असलेले हात छपराला लाव.

सहावीत तू कोंबड्यांचं खुराडं केलंस तेव्हा पाऊस तोंडावर आला होता आणि तू दाराची कडी बसवत बसली होतीस, कारण कडी बसल्याशिवाय ते घर नाही म्हणे. पिल्लं तुझ्या दप्तरात. आई रागावली, आणि तू भिजत, ओठ चावत, कडी बसवूनच आत आलीस. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कशासाठी लिहीत होतो, तेही राहिलं.

पुन्हा शिकवत बसलो, माफ कर. पायाभोवतीच्या चराचे फोटो मी मोठे करून पाहिले. खडी, कापड, भोकांची नळी, उतार, कुठेच बोट ठेवायला जागा नाही. जमिनीतलं पाणी निघून गेलं तर बर्फ पायाला उचलत नाही, हे तुला कुणी सांगावं लागलं नाही. फक्त घर थंड राहणार आहे, म्हणून पायाच्या कडेने फोमच्या पाट्या किंवा जुना पेंढा जाड अंथर.

बॅटऱ्यांचं लक्षात असेल: लिथियमच्या बॅटरीतून शून्याखाली वीज काढता येते, भरायची मात्र नाही. आत लिथियम धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. आणि पॅनलचा व्होल्टेज थंडीत वाढतो, २५ अंशांसाठी दिलेल्या आकड्यावर, त्याखालच्या दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. उणे २० धरलंस तर १३ टक्क्यांहून जास्त. बॅटरी भरणाऱ्या कंट्रोलरची मर्यादा त्या आकड्याशी ताड, नाहीतर पहिल्याच स्वच्छ, गारठलेल्या सकाळी तो जळेल.

हिवाळाभर गावात खोली घे. भाड्याचं मी बघतो, हिशेब नको. खोली घ्यायचीच नसेल तर निदान धुराडं असलेली शेगडी, वाळलेलं लाकूड, आणि झोपायच्या जागेजवळ बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा अलार्म. त्याचं बटण दाबून त्याचा आवाज मला फोनवर ऐकव. अविश्वास नाही, मुक्ता. मला झोप येत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पंपाची नळी अजून उथळ असेल तर आत्ताच रिकामी कर आणि खालचा नळ उघडाच ठेव. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब हवा, धुराचं तोंड दारा-खिडक्यांच्या उलट्या दिशेला. बर्फ पडतोय म्हणून त्याला ताडपत्रीच्या आत ओढू नकोस. चार खांबांवर वेगळं छोटं छप्पर कर, चारही बाजू उघड्या.