मतमोजणीचा कागद आणि परकीय पैसा

महोदय,

‘यूएसएड’वरील आपला अग्रलेख वाचला. १ जुलै २०२५ रोजी या अमेरिकी संस्थेचा मदतवाटपाचा कारभार थांबला आणि उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. परकीय पैसा आटला, आता त्या त्या देशातली लोकशाही मोकळी होईल, असा लेखाचा एकूण सूर आहे. संशय मलाही आहे, पण सगळा पैसा एकाच पारड्यात टाकणे पटले नाही.

चिलीचे बघा. तिथले डावे राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचे सरकार खिळखिळे करायला १९७० ते १९७३ या काळात सीआयएने सुमारे ८० लाख डॉलर ओतले, हे अमेरिकी सिनेटच्याच चौकशीत बाहेर आले. पुढे बंड करून लष्करप्रमुख पिनोशे आले, त्यांच्या लष्करी राजवटीने मतदारयाद्याही नष्ट केल्या. त्याच पिनोशेंना आणखी आठ वर्षे द्यायची की नाही, यावर ५ ऑक्टोबर १९८८ रोजी कौल झाला. त्याआधी अमेरिकी काँग्रेसने चिलीसाठी १० लाख डॉलर मंजूर केले होते. हा पैसा ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी’ या अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेमार्फत, चोरून नव्हे, उघडपणे गेला. देश तोच, खिसाही तोच!

त्या रात्री काय घडले ते महत्त्वाचे. प्रत्येक टेबलावर मते मोजली गेली की विरोधकांचा प्रतिनिधी आकडे उतरवून घेई आणि फोनने, फॅक्सने राजधानी सांतियागोतल्या आपल्या संगणक केंद्राला कळवी. सरकारने पहिले आकडे ‘होय’ पुढे असल्याचे दिले, आणि मग चुप्पी. एव्हाना विरोधकांच्या हातात स्वतःची बेरीज होती. मध्यरात्र उलटल्यावर हवाई दलप्रमुख मात्तेई राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरता शिरता पत्रकारांना सांगून गेले, ‘नाही’ जिंकले. जवळपास ५६ टक्के! मी शिक्षक होतो, निवडणुकीच्या ड्युट्या पुष्कळ केल्या. आकडे उतरवलेला कागद प्रतिनिधीच्या खिशात गेला की वरून हात मारणे किती कठीण होते, हे तो कागद भरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मतमोजणीवर नजर ठेवायला मदत आणि प्रचाराला मदत, यांतली रेघ तिथेही अगदी सरळ नव्हती, काही मदत ‘नाही’च्या प्रचाराच्या सल्लागारांपर्यंत पोचलीच. सर्बियात २००० साली तर ती पारच पुसली गेली. भिंती रंगवायला ५,००० स्प्रेचे डबे आणि ‘याचा खेळ खलास’ अशा अर्थाचे २५ लाख स्टिकर, तेही अमेरिकी करदात्याच्या पैशातून. तिथले सत्ताधीश मिलोशेविच गेले याचे मला दुःख नाही. पण हा सरळसरळ प्रचार झाला, आणि त्याने जगभरच्या सत्ताधाऱ्यांच्या हाती आयते कोलीत दिले. अग्रलेखाने झोड उठवायची होती ती यावर.

राहिला मुद्दा पैसा आटल्यावर काय होते याचा. त्याचे उत्तर रशियात मिळाले आहे. तिथे ‘गोलोस’ नावाची निवडणूक निरीक्षकांची संघटना होती. या रशियन शब्दाचा अर्थ आवाज आणि मत असा दोन्ही. २०११ च्या संसदीय निवडणुकीतले गैरप्रकार तिने केंद्रनिहाय नोंदवले. २०१२ मध्ये रशियाने यूएसएडला देशाबाहेर काढले आणि पुढच्याच वर्षी ‘गोलोस’वर परदेशी हस्तक असल्याचा शिक्का मारला. अमेरिकी पैसा गेला, तरी माणसे स्वयंसेवक म्हणून काम करत राहिली. मग त्यांचा पिच्छा सुटायला हवा होता, नाही का? मे २०२५ मध्ये तिच्या सहअध्यक्षांना पाच वर्षांची शिक्षा झाली. यूएसएडचा कारभार थांबला त्याच जुलैमध्ये, आठवडाभराने, ‘गोलोस’ने आपले काम बंद केल्याचे जाहीर केले.

— एक निवृत्त शिक्षक