लॉख यूच्या काठावरून

इन्व्हरनेस, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

तब्येत ठीक आहे ना? आईला फोनवर बाकी सगळं सांगितलंच आहे. हे मात्र तुम्हालाच लिहितोय, कारण तुमचा जन्म जहाजावर गेला.

रविवारी लॉख यूला गेलो होतो. डोंगरांत आत घुसलेली खाडी, अगदी आपल्या दाभोळसारखी. दुसऱ्या महायुद्धात रशियाला जाणारे मालवाहू जहाजांचे अनेक काफिले इथूनच सुटले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि ऑगस्टअखेर ब्रिटनचा पहिला काफिला रशियाच्या उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क बंदरात पोचलासुद्धा. पुढे रणगाडे, विमानं, ट्रक, दारूगोळा, धान्य असं सगळं याच वाटेने गेलं.

वाट कसली, बाबा! नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात. हिवाळ्यात बर्फ दक्षिणेकडे सरकायचा, म्हणून जहाजांना त्याच किनाऱ्याच्या जवळून जावं लागे. उन्हाळ्यात बर्फ मागे हटे, पण रात्रच होत नसे; लपायचं कुठे? उडालेलं पाणी डेकवर, दोरखंडांवर गोठायचं. वरचं वजन वाढलं की जहाज कलंडणार, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून खलाशी कुऱ्हाडी घेऊन तासन्‌तास बर्फ फोडत. उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी चिकटून सोलून निघे.

जुलै १९४२ मध्ये पीक्यू-१७ या काफिल्याला लंडनहून पांगण्याचा हुकूम आला. जर्मन युद्धनौका येतायत या भीतीने संरक्षक नौका मागे फिरल्या आणि मालवाहू जहाजं एकटी पडली. ३५ पैकी २४ बुडाली. त्या युद्धनौका तर काफिल्यापर्यंत आल्याच नाहीत. पाणबुड्यांनी आणि विमानांनीच घात केला. वाचताना माझा संताप आवरेना.

खाडीच्या तोंडाशी फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘विल्यम एच. वेल्च’ हे अमेरिकन जहाज वादळात खडकांवर आपटून फुटलं. ७४ पैकी १२ जण वाचले. शत्रू नव्हता, नुसता समुद्र. गावातली माणसं मदतीला धावली होती.

ब्रिटनने या खलाशांसाठी ‘आर्क्टिक स्टार’ हे पदक काढलं ते २०१३ मध्ये! तोवर बहुतेक जण गेलेले. माल वाहणाऱ्या माणसाची आठवण इतक्या उशिरा का होते, हे मला खरंच कळत नाही.

खाडीकाठच्या ऑल्टबे गावात या काफिल्यांचं छोटं म्युझियम आहे. पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं या, मी गाडीने नेईन. व्हिसाचे कागद आत्ताच काढायला घ्या.

आईला नमस्कार.

तुमचा,
संदीप