काजूच्या रसात मोल मोजू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अकरावी-बारावीची मुलं अजूनही माझ्याकडे गणितं घेऊन येतात. ग्लुकोज आंबण्याचं समीकरण सगळ्यांना पाठ: एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल (दारूतला अल्कोहोल), दोन कार्बन डायऑक्साइड. मग १०० ग्रॅम ग्लुकोजपासून इथेनॉल किती? उत्तर येतं, ‘दोनशे ग्रॅम!’ शंभराचे दोनशे करणारी युक्ती खरंच सापडली, तर आमच्या सत्तरी तालुक्यातले काजूच्या दारूचे भट्टीवाले त्या मुलाच्या पायाचं तीर्थ घेतील. समीकरण मोजतं ते मोल, म्हणजे रेणूंची संख्या, ग्रॅम नव्हे. एक मोल ग्लुकोज म्हणजे १८० ग्रॅम, त्यातून दोन मोल म्हणजे ९२ ग्रॅम इथेनॉल आणि दोन मोल म्हणजे ८८ ग्रॅम वायू, म्हणजे शंभरातून जेमतेम ५१, तेही कागदावर. यीस्ट स्वतः वाढतं, थोडं ग्लिसरॉलही करतं. हाती त्याहून कमीच लागतं.

अभिक्रियेच्या वेगाच्या प्रात्यक्षिकात सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल घालतात आणि ते गढूळ होऊन खालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंत वेळ मोजतात. चांगलं आहे, पण त्यात तयार झालेलं काहीच तोललं जात नाही. त्यापेक्षा काजूच्या बोंडूंचा दोन लिटर रस प्लास्टिकच्या बरणीत घ्या आणि बरणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. झाकण सैल हवं. घट्ट लावलंत तर बरणी फुटेल, उघडी टाकलीत तर पाण्याची वाफही हिशेबात घुसेल.

वायू निघून जातो तेवढं वजन घटतं. समजा, पाच तासांत ११ ग्रॅम घटलं. भागिले ४४ (एक मोल वायूचे ग्रॅम), म्हणजे पाव मोल वायू. इथेनॉलही पाव मोल, ११.५ ग्रॅम. ग्लुकोज त्याच्या निम्मं, ०.१२५ मोल, २२.५ ग्रॅम. बेरीज जुळली! तासाला ग्लुकोज ०.०२५ मोल घटतं, इथेनॉल ०.०५ मोल वाढतं. पण अभिक्रियेचा वेग एकच, ०.०२५, कारण इथेनॉलच्या आकड्याला दोनाने भागायचं असतं. इथेच निम्मा वर्ग अडकतो. रसात फ्रुक्टोजही असतं, पण सूत्र तेच, त्यामुळे हिशेब बिघडत नाही.

गणितात वेग एकसारखा धरतात. बरणीत मात्र आधी काटा ढिम्म, यीस्ट वाढलं की झपाट्याने उतरतो, साखर सरत आली की मंदावतो. हा आलेख मुलांनी स्वतः काढावा.

ऊर्ध्वपातन करायचंच नाही, तेव्हा ‘शाळेत दारू’ म्हणून कुणी ओरडू नये. हंगाम सरल्यावर ग्लुकोज पावडर आणि बेकरीचं यीस्ट चालेल. पुडीतल्या ग्लुकोजला पुष्कळदा पाण्याचा एक रेणू चिकटलेला असतो, तेव्हा त्याचे मोल काढताना १८० ऐवजी १९८ ने भागावं. मंडळाने हा प्रयोग बारावीच्या प्रकल्पांत घ्यावा, एवढीच विनंती.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, वाळपई