दादरला उतरू नकोस

दादर, मुंबई
२८ नोव्हेंबर

प्रिय अव्या,
सप्रेम नमस्कार.

'मुंबई म्हणजे खिशाला भोक' हे तुझं वाक्य फोनवर तीनदा ऐकून झालं. फोनवर नीट भांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या खेपेला तुमचं जे झालं ते मी विसरलेलो नाही. माणशी एवढाली तिकिटं, पाण्याची बाटलीसुद्धा आत न्यायला बंदी, आणि दिवसभर पाळण्यांच्या रांगेत ऊन खात उभं राहणं. संध्याकाळी घरी आल्यावर वहिनींनी पर्समधून पावती काढून टेबलावर ठेवली आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला लागलं, लेका. सत्तावीस वर्षं फोर्टात नोकरी करतोय. जेवणाच्या सुट्टीत डबा पंधरा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ हिंडायचं, ही सवय पहिल्या वर्षापासूनची. तेव्हा पगारात दुसरं काही परवडतच नव्हतं. तर या नाताळच्या सुट्टीतला कार्यक्रम माझ्याकडे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणार ना? मग दादरला उतरू नकोस. घर दादरला असलं तरी नको. शेवटपर्यंत सीएसएमटीला या, मी फलाटावर असेन. लांबच्या गाड्यांतून उतरलेले लोक बाजूच्या दारानं टॅक्सी गाठतात आणि स्टेशन न बघताच निघून जातात. आपण उलटं जायचं, जुन्या इमारतीतल्या लोकलच्या तिकीटखिडक्यांकडे. त्या दालनाला 'स्टार चेंबर' म्हणतात. तिथं मान वर कर, कमानींच्या छतावर तारे आहेत. खाली माणसं सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत असतात, वर कुणाचं लक्ष नसतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं १८७८ साली काम सुरू केलं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. दगडातलं बरंचसं कोरीवकाम आपल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. चिनूला दगडी पानाफुलांत लपलेले प्राणी मोजायला लाव, तेवढ्यात आपला चहा होईल.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. या मुंबईला तिकीट नाही, पण वेळापत्रक आहे. वेळ चुकली की नुसती गर्दी आणि घाम. हाजी अलीचंच बघ. भर समुद्रातल्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे आधी पेपरात ओहोटीची वेळ बघायची. ससून डॉकला जायचं तर पहाटे पाचला. १८७५ सालची गोदी आहे ती. होड्या लागलेल्या असतात, बर्फ फुटत असतो, आणि कोळणी ज्या आवाजात लिलावाची बोली लावतात तो ऐकून तुझ्या वर्गातली पोरं आठ दिवस गप्प बसतील. फोटो मात्र काढू देत नाहीत. वहिनी माळकरी, त्यांना तो वास सोसायचा नाही. त्यांनी आणि आमच्या हिनं दादरच्या फुलबाजारात जावं. तोही पहाटेचाच, आणि झेंडूच्या ढिगांमधून चालायला कुणी पैसे मागत नाही.

अकरा वाजता जहांगीर आर्ट गॅलरी उघडते. १९५२ पासूनची आहे आणि आत जायला एक पैसा लागत नाही. खरं सांगू, मी पहिल्यांदा शिरलो तो मे महिन्याच्या उकाड्यातून सुटका म्हणून. चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथं गंमत अशी की चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेला असतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला दालन रिकामं असतं, बिचारा कंटाळलेला असतो. 'हे निळं इतकं का हो?' असं भीत भीत विचारलं, तर एकानं मला पाऊण तास समजावलं, शिवाय चहा पाजला. हापिसात उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खाल्ली, पण त्यानंतर मी जवळजवळ दर आठवड्याला जायला लागलो. तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचं जे तू सांगतोस, त्यासाठी तरी ये.

बाहेर चौकात काळा घोडा आहे, पण त्यावर स्वार नाही. पूर्वी सातवा एडवर्ड बसलेला होता. १९६५ साली त्याची रवानगी राणीच्या बागेत झाली. तरी चौकाचं नाव घोड्याचंच राहिलं, राजाचं लोकांच्या तोंडी कधी बसलंच नव्हतं! आत्ताचा घोडा २०१७ सालचा, रिकाम्या पाठीचा. तिथला कलामहोत्सव तुम्हाला चुकणार, तो साधारण फेब्रुवारीच्या तोंडावर असतो.

शेजारच्या वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे आणि ते मी काढणार आहे. सगळंच फुकट हवं असा हट्ट नको.

उन्हं कलली की ओव्हल मैदान. अव्या, मला मुंबईतली एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही सांगेन. मधून जाणाऱ्या पायवाटेवर थांबायचं. पूर्वेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळं टोकदार आणि गंभीर. पश्चिमेला १९३०च्या आसपासच्या इमारती, गोल गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. ती बाजू समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर उभी आहे. युनेस्कोनं २०१८ साली दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. आईला दिसत नव्हतं, जैन असल्यानं सूर्यास्ताआधी जेवायचं, तर घड्याळाच्या टोल्यांनी वेळ कळावी म्हणून, असं सांगतात. ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं तो आखला, त्यानं मुंबई कधी पाहिलीच नाही. लंडनमध्ये बसून नकाशे केले.

आणि मध्ये क्रिकेट. एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, तरी कुणाचा चेंडू कुणाचा हे त्यांना बरोबर कळतं. आझाद मैदानावरही हीच तऱ्हा. तिथंच १९८८ साली शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीनं, हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ धावांची भागीदारी केली होती. चिनूला ते मैदान दाखवायचंय. सीमारेषेवर बसून राहिलं की कुणीतरी चेंडू परत फेकायला सांगतंच.

मणिभवनसाठी एक सकाळ राखून ठेव, तू इतिहास शिकवतोस म्हणून. गावदेवीतलं साधं दुमजली-तिमजली घर. गांधीजी मुंबईत आले की १९१७ ते १९३४ इथंच उतरत. ४ जानेवारी १९३२च्या पहाटे त्यांना अटक झाली ती याच घराच्या गच्चीवरून. चालत थोडं पुढे गेलं की ऑगस्ट क्रांती मैदान, आणि मग गिरगाव चौपाटी. तिथून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यानं दक्षिणेकडे चालत सुटायचं. दिवे लागायच्या जरा आधी निघालं की चालता चालता सगळी माळ पेटते. गेटवे बघायचा तर रविवार सोडून.

चप्पल नको, बूट घाल. स्वच्छतागृह दिसेल तिथं जाऊन घ्यायचं, पुढचं कुठं असेल याचा नेम नाही. लोकलचं तिकीट आणि वडापाव एवढा खर्च होईल, तो तुझ्याकडे. मागच्या वेळची पावती वहिनींनी जपून ठेवली असेलच, ती बरोबर आणा. निघताना दोन्ही खर्च शेजारी मांडू.

येताना भडंग आण, दोन किलो तरी. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मागच्या वेळी पुरलं नव्हतं. काकूंना नमस्कार सांग, आणि गाडी दादरला थांबली की बॅगा खाली काढू नकोस.

तुझा,
नंद्या