तक्रार : बबल कव्हर ‘मुलांसाठी सुरक्षित’ म्हणून विकल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

घरच्या स्विमिंग पूलसाठी आम्ही आठ महिन्यांपूर्वी आपल्याकडून कव्हर घेतले. मापे घ्यायला आलेल्या आपल्या प्रतिनिधीला मी आधी हेच सांगितले की घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि कव्हर तिच्यासाठी हवे आहे. त्यांनी निळे बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर तरंगणारे, हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक, दाखवले आणि ‘मूल वर गेलं तरी कव्हर धरून ठेवतं’ असे सांगितले. आपल्या माहितीपत्रकातही ‘मुलांसाठी सुरक्षित’ असेच छापले आहे.

गेल्या रविवारी तिचा चेंडू कव्हरवर गेला. तो घ्यायला तिने काठावरून पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेली. मी शेजारीच उभी होते म्हणून तिचा दंड हाती लागला. दुपारी मी तिच्याच वजनाची, १५ किलो वाळूची पिशवी दोरी बांधून त्याच जागी ठेवली. कव्हर दुमडले, पिशवी तळाला गेली आणि कव्हर पुन्हा सपाट पसरले. खाली काही आहे हे वरून कळतही नव्हते. उघड्या पाण्यात पडलेले मूल निदान दिसते तरी. म्हणजे हे कव्हर नुसते निरुपयोगी नाही, त्याने धोका वाढतो.

बबल कव्हर बाष्पीभवन कमी करते, पाण्याची ऊब टिकवते. ते काम ते नीट करते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. सुरक्षा कव्हर ही वेगळी वस्तू आहे. ते काठाच्या फरशीत अँकर (पक्के खुंट) बसवून पट्ट्यांनी ताणतात किंवा रुळांत अडकवतात. एएसटीएम एफ१३४६ या अमेरिकी मानकात अशा कव्हरने साधारण २२० किलो, म्हणजे दोन मोठी माणसे आणि एक मूल, इतका भार पेलावा अशी अट आहे. हे मला आता वाचून कळले. आपला तर हा व्यवसायच आहे.

दुसरी तक्रार कव्हरच्या टिकाऊपणाची. सहाव्या महिन्यापासून त्याचे निळे तुकडे सुटून स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भागाच्या, जाळीत अडकू लागले. ‘क्लोरीन जास्त झालं’ म्हणून आपण वॉरंटी नाकारलीत. मी रोज वहीत नोंद ठेवते : पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत भाग), म्हणजे दोन्ही योग्य मर्यादेत. क्लोरीन वाढायचे फक्त शॉक डोसच्या, म्हणजे पाणी शुद्ध करायला एकदम जास्त क्लोरीन टाकण्याच्या, दिवशी, आणि डोस दिल्यावर लगेच पाण्यावर कव्हर ओढा, क्लोरीन उडून जाणार नाही, हे आपल्याच तंत्रज्ञाने सांगितले होते. खरे तर क्लोरीन उतरेपर्यंत कव्हर बाजूला ठेवायचे असते. चुकीचा सल्ला आपल्या माणसाचा, मग भुर्दंड आम्हाला का?

कव्हर परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. भार-चाचणीचे प्रमाणपत्र असलेले सुरक्षा कव्हर आपल्याकडे असेल, तर प्रमाणपत्राची प्रत आधी पाठवावी. तोंडी आश्वासनावर मी आता काहीही घेणार नाही. माहितीपत्रकातले ते दोन शब्द काढावेत आणि हेच कव्हर घेतलेल्या प्रत्येक घरी, विशेषतः जिथे लहान मुले आहेत तिथे, याच आठवड्यात फोन करून सांगावे की यावर भरवसा ठेवू नका. पैशांना चार दिवस उशीर झाला तरी चालेल, त्या फोनना नको.

पावतीची प्रत, वहीची पाने आणि वाळूच्या पिशवीचे चित्रीकरण सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक