कौल दुकानाच्या दारातच कळतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या सुपरमार्केट कामगारांच्या संपाच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते: ‘जनमत कामगारांच्या बाजूने आहे.’ असेलही. विचारणाऱ्याला ‘हो, पाठिंबा आहे’ असे सांगायला कोणाच्या खिशातून काय जाते? खरा प्रश्न पुढचा आहे. दुकानाच्या दाराशी कामगार फलक घेऊन उभे आहेत, घरातले दूध संपले आहे आणि गाडी त्याच दुकानासमोर लावून झाली आहे. आता आत जायचे की नाही? तिथे जे घडते त्याला मी जनमत म्हणते.

दाराशी फलक घेऊन उभ्या असलेल्या संपकऱ्यांच्या या रांगेला पिकेट लाइन किंवा नुसते पिकेट म्हणतात. अनेक वाचकांना वाटते की पिकेट म्हणजे रस्ता अडवणे. तसे नसते. वाट अडवली की कायदा कामगारांवरच उलटतो. ते विनंती करतात, पत्रक हातात देतात आणि जवळचे दुसरे दुकान कुठे आहे ते सांगतात. एवढ्यासाठीही त्यांना कोर्टात भांडावे लागले. दुकानासमोरचा पादपथ बहुधा खासगी मालकीचा असतो, त्यामुळे तिथे उभे राहण्याचा हक्कच वादात सापडला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका सुपरमार्केटच्याच खटल्यात कामगारांना असे संरक्षण देणारे राज्याचे कायदे वैध ठरवले.

‘त्यांच्या भांडणाशी आम्हा ग्राहकांचा काय संबंध?’ असे म्हणणाऱ्यांनी संपकऱ्याच्या हातात उरते काय, ते आधी पाहावे. पगारवाढीसाठी संपावर गेलेल्यांच्या जागी मालक कायमची नवी माणसे नेमू शकतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्येच म्हटले आहे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने इतर कंपन्यांच्या कामगारांना अशा भांडणात ओढण्याच्या वाटाही बऱ्याचशा बंद केल्या. उरला ग्राहक. दुसरीकडून भाजी घेण्यापासून त्याला कोणताच कायदा रोखत नाही.

आणि किराण्याच्या धंद्यात ग्राहकाच्या पाठ फिरवण्याला जो भाव आहे तो इतर धंद्यांत नाही. मोटारीच्या कारखान्यात संप झाला तर गिऱ्हाईक दोन महिने थांबते आणि मग तीच मोटार घेते. दुधाचे तसे नाही. या आठवड्यात दुसरीकडून घेतलेले दूध पुढच्या आठवड्यात कोणी दुप्पट घेऊन भरून काढत नाही. मासळी, मटण, पालेभाज्या फेकाव्या लागतात. गेलेली विक्री कायमचीच गेलेली असते.

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये हे लख्ख दिसले. ‘स्टॉप अँड शॉप’ या सुपरमार्केट साखळीच्या मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट या तीन राज्यांतल्या २४० हून अधिक दुकानांतले ३१ हजार कामगार ११ एप्रिलला बाहेर पडले. वेळ मोक्याची होती, ज्यूंचा पासोव्हर आणि ईस्टर एकाच आठवड्यात येत होते. काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आपल्या लोकांना सांगितले की सणाचा बाजार पिकेट ओलांडून करू नका. दुकानांत येणाऱ्यांची संख्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याच्या बातम्या आल्या. ईस्टरच्या दिवशी, २१ तारखेला, समझोता झाला. या संपाने नफ्यात ९ ते ११ कोटी डॉलरची खोट येईल, असे कंपनीच्या डच मालकांनी नंतर स्वतःच जाहीर केले. ही खोट आणली ती न आलेल्या गिऱ्हाइकांनी.

जे आत गेले त्यांना तरी काय मिळाले? बेकरी बंद, मांस-मासळीचे काउंटर बंद, फळांचे खण अर्धे रिकामे. गल्ल्यावर कार्यालयातून आणून बसवलेले साहेब. रोजच्या कॅशियरच्या बोटांना केळ्यांसाठी यंत्रात टाकायचा ४०११ हा नंबर पाठ असतो, हे साहेब मात्र केळी तराजूवर ठेवून तो तक्त्यात शोधत बसतात. ‘हे काम कोणीही करेल’ असे संपापूर्वी म्हणणाऱ्यांनी अशा रांगेत जरूर उभे राहावे. (रांगेत उभे राहायचे तर पिकेट ओलांडावे लागेल, ही अडचण आहेच.)

सगळेच संप इतके सरळ जात नाहीत. दक्षिण कॅलिफोर्नियातला २००३-०४ चा संप साडेचार महिने चालला. भांडण मुख्यतः आरोग्य विम्याचा भार कोणी उचलायचा यावरून होते. ११ ऑक्टोबर २००३ ला ‘व्हॉन्स’ या सुपरमार्केट साखळीचे कामगार बाहेर पडले आणि लगोलग ‘राल्फ्स’ व ‘अल्बर्टसन्स’ या दुसऱ्या दोन साखळ्यांनी आपल्या कामगारांना टाळेबंदी केली, म्हणजे कामावर येऊच दिले नाही. तिन्ही कंपन्यांनी एकजूट केली होती. महिनाअखेरीला कामगार संघटनेने ‘राल्फ्स’समोरचे पिकेट उठवले. हेतू चांगला होता: लोकांची गैरसोय नको, त्यांना जायला एक जागा असावी. ग्राहकही निर्धास्त मनाने तिकडे गेले. पण तिन्ही कंपन्यांमध्ये उत्पन्न वाटून घेण्याचा करार होता. ज्याच्याकडे गर्दी वळेल त्याने इतर दोघांना भरपाई द्यायची, असा. म्हणजे ‘व्हॉन्स’ टाळून ‘राल्फ्स’मध्ये गेलेल्या माणसाच्या पैशाचा वाटा फिरून ‘व्हॉन्स’लाच मिळत होता. राज्याच्या महाधिवक्त्यांनी या कराराविरुद्ध दावा लावला, तो कितीतरी वर्षे चालला. त्याचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी संप मिटला होता.

इथे मी संघटनेला दोष देते. गिऱ्हाइकाला जागा द्यायचीच होती तर ‘स्टेटर ब्रदर्स’सारखी दुकाने होती. शेवटी जो करार ठरेल तो आम्हालाही मान्य, असे त्यांनी आधीच लिहून दिले होते आणि त्यांचे कामगार कामावर होते. तिकडे जा, असे एकच वाक्य फलकावर पुरले असते. त्याऐवजी लोकांनी लक्षात काय ठेवायचे? हे दुकान नको, ते चालेल, काल चालत नव्हते, आज चालते. आधी सहानुभूतीने दुसरीकडे जाणारा माणूस अशा घोळात महिन्या-दोन महिन्यांनी कंटाळतो आणि घराजवळच्या दुकानात शिरतो. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे.

त्या संपाचा शेवट कामगारांच्या दृष्टीने पडता होता. नव्या भरतीसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी आली आणि विम्यासाठी जास्त थांबणे आले. एकाच गल्ल्यामागे, एकाच कामाला, दोन दर. ती व्यवस्था मोडायला २००७ चा करार यावा लागला. दरम्यान ‘राल्फ्स’ने टाळेबंदीतल्याच काही कामगारांना खोट्या नावांनी गुपचूप कामावर घेतल्याचे उघड झाले. कंपनीने २००६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून ७ कोटी डॉलर मोजले. पिकेट ओलांडण्यावरून ग्राहकाला नीती शिकवणाऱ्यांनी आणि कामगारांना शिस्त शिकवणाऱ्यांनी, दोघांनीही हे प्रकरण वाचावे.

आता ओलांडणाऱ्यांविषयी. सगळ्यांना एका माळेत ओवणे मला मान्य नाही. अनेक सुपरमार्केटमध्ये औषधांचे दुकानही असते आणि ज्याची रक्तदाबाची गोळी तिथल्या नोंदीवर आहे त्याला आत जावेच लागते. ज्याच्याकडे गाडी नाही आणि चालत जाण्याच्या अंतरात दुसरे दुकान नाही, त्याचेही तेच. अशा एखाद्या बाईला दारात ‘संपफोडी’ म्हणून हिणवले तर एक घर कायमचे विरोधात जाते. तो शब्द संपकऱ्याच्या जागेवर जाऊन बसणाऱ्यासाठी आहे, गिऱ्हाइकासाठी नाही. पण गाडी आहे, दोन मैलांवर दुसरे दुकान आहे आणि तरी ‘आमची नेहमीची कॉफी इथेच मिळते’ म्हणून जे आत जातात, त्यांनी निदान ‘आम्ही तटस्थ’ असे म्हणू नये. मालकाला त्या दिवशी गल्ला हवा असतो, तो तुम्ही दिलात. सवलतीच्या पाट्या त्या आठवड्यात उगाच लागलेल्या नसतात.

याहून अडचणीचा आहे तो ग्राहक, जो दाराशी येतच नाही. मोबाइलवर यादी टाकायची, कोणी तरी अनोळखी मुलगा ती भरून आणून देणार. फलक त्याने पाहायचे, नजरा त्याने झेलायच्या. त्याने ऑर्डर नाकारली तर त्याचीच कमाई बुडते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही की आपण कोणाला तरी पिकेट ओलांडायला पाठवले. पूर्वी लाज वाटायला निदान त्या दारातून स्वतः जावे लागे. संपाच्या काळात अशा ऑर्डरी बंद ठेवा, अशी मागणी संघटनांनी ॲप कंपन्यांकडे जोरात करायला हवी. नुसते दुकानाच्या दोन दारांशी उभे राहून आता भागणार नाही.

आपल्यालाही एक विनंती. यापुढे अशा संपाची बातमी देताना पाठिंब्याचे टक्के छापले नाहीत तरी चालेल. त्याऐवजी वार्ताहराने एवढे विचारून घ्यावे: त्या मालकाची इतर नावांनी चालणारी दुकाने कोणती, कोणत्या दुकानांचा संघटनेशी करार झालेला आहे, औषधे घ्यायला येणाऱ्यांबाबत संघटनेचे म्हणणे काय आणि घरपोच माल नेमका कोणत्या दुकानातून निघतो. चार ओळींची चौकट पुरेल.

आपली,
एक वाचक